घाना

फुसेना आली तेव्हा टोळी पोत्यात होती,
मोहाखाली नव्हती.
पौषातली थंडी. जबलपूर रोड सोडून जीप
देवलापारच्या अलीकडे आमच्या टोल्यावर वळली
तेव्हा जैवंता यंत्राचा पट्टा बसवत होती
आणि मी वहीत लिहीत होते:
पट्टा, जुना, तिसऱ्यांदा शिवला, साठ रुपये.

रेणू नारनवरे, नागपूरच्या कॉलेजातली पोरगी, म्हणाली,
या बाई घानाहून आल्या.
फुलवंतानं पदर सावरला,
"कोनाच्या घान्यावरून आली म्हनते?"
आमच्या जिभेवर ण बसत नाही.
तेल काढायच्या घाण्याला आम्ही घानाच म्हणतो,
आजे-पणजेही तसंच म्हणत गेले.
रेणू हसून हसून खाली बसली, मग तिला समजावलं,
मग तीही हसली, खूप उशिरा आणि खूप मोठ्यानं,
कुत्रं उठून गेलं.

लाइट नव्हती. म्हणून दाखवायला काही नव्हतं.
तेलाचा डबा थंडीनं गोठलेला, तुपासारखा.
कोणी काही सांगायच्या आत
तिनं नखानं खरवडून कोपराला चोळलं
आणि कोपर नाकाजवळ नेला.
तिच्याकडंही असंच झाड आहे, रेणू म्हणाली,
अशीच बी, असंच लोणी.
झाडाचं नाव तिनं तीनदा सांगितलं,
आमच्यातल्या एकीलाही जमलं नाही.
मोह मात्र तिला पहिल्याच दमात आला.

तिच्या गावात यंत्र नाही.
रिकामं घमेलं पुढ्यात ओढून ती उकिडवी बसली,
कोपरापर्यंत हात घालून नुसती हवा घुसळत राहिली,
कपाळावर घाम येईपर्यंत.
"हे तं ताकच झालं बाप्पा," जैवंता म्हणाली,
आणि शेजारी बसून तीही घुसळू लागली.

वही मी दाखवली, पण एक पान दोन बोटांत धरून पलटलं.
पहिल्या वर्षीचा साबण.
सीताबर्डीच्या दुकानदारानं चाळीस वड्या परत धाडल्या,
मऊ पडलेल्या,
एकीवर त्याच्या पोराच्या अंगठ्याचा ठसा.
फुसेनानं माझी बोटं सोडवली. पान बघितलं.
आकडे सगळीकडे वाचता येतात.
मग आपल्याकडे बोट करून
मातीवर काडीनं लिहिलं: 60.
साठ बरण्या, रेणू म्हणाली, ट्रकमध्ये उन्हानं वितळल्या.
ती रडल्यासारखं तोंड करून दाखवत होती,
पण ते खरंच थोडं रडणं होतं.

मग मी पायलीची गोष्ट काढली.
आठवडी बाजारात सेठ दोन पायल्या ठेवायचा.
टोळी मोजून घ्यायला एक,
मीठ मोजून द्यायला दुसरी.
दिसायला जुळ्या बहिणी.
रेणू शब्द शोधत होती, तळाला काय म्हणतात ते,
तोवर फुसेनानं घमेलं उचललं,
आतून मूठ मारली, तळ बाहेर.
उलटं केलं.
बाहेरून मूठ मारली, तळ आत.
आणि आमच्याकडे बघितलं: असंच ना?

कोणी बोललं नाही.
फुलवंतानं उठून काटा आणला,
इतवारीतून आणलेला, प्लास्टिक अजून न काढलेला,
चौदा जणींच्या चौदा महिन्यांच्या पैशांचा.
फुसेनानं त्यावर तळहात ठेवला.
लाल आकडे धावले, थांबले.
तिनं हात काढला. शून्य.
पुन्हा ठेवला. पुन्हा काढला.
शून्य.
किंमत विचारली, उतरवून घेतली.

मग लाइट आली, यंत्र सुरू झालं,
आणि निरोपाचं बोलणं कुणालाच ऐकू आलं नाही.

त्या रात्री लिहिलं:
पाहुणीचा चहा, अकरा कप, पंचावन्न.
नको लिहू, म्हणाल्या सगळ्या. मी लिहिलं.
खाली: घाना, वीज, सातशे चाळीस.

बँकेचा माणूस दरवर्षी माझ्या त्या न भोवती
लाल पेनानं गोल काढतो.
यंदाही काढला.
मी म्हटलं, असू द्या साहेब,
यंदा बरोबर आहे.